कालव्यावरच्या सुट्ट्यांसाठी वापरलेली नॅरोबोट घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समधील कालव्यांवर सुट्टी घालवण्यासाठी जुनी नॅरोबोट घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. स्लाव, मिल्टन कीन्स, लेस्टर, बर्मिंगहॅम अशा ज्या शहरांत मराठी कुटुंबे राहतात, त्यांतील बहुतेकांच्या हद्दीतून एखादा तरी कालवा वाहतो, त्यामुळे हा विचार पुष्कळांच्या मनात येऊन जातो. मात्र या विषयावर मिळणारा बराचसा सल्ला बोटीतच कायमचे राहणाऱ्यांना उद्देशून असतो. वर्षातले काही आठवडे बोटीवर जाणाऱ्या आणि एरवी तिला कुलूप लावून ठेवणाऱ्या कुटुंबाच्या गरजा निराळ्या असतात. पुढील उत्तरे त्या गरजा समोर ठेवून लिहिली आहेत.

नॅरोबोट नेमकी कोणत्या बोटीला म्हणतात?

सुमारे ६ फूट १० इंच रुंदीच्या, सपाट तळाच्या, आजकाल जवळजवळ नेहमी पोलादी असणाऱ्या बोटीला नॅरोबोट म्हणतात. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली यांच्या देखरेखीखाली मध्य इंग्लंडमध्ये कालवे खोदले गेले, तेव्हा पाणी आणि पैसा वाचावा म्हणून लॉक (बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे, दोन्हीकडे दारे असलेले हौद) अवघी सात फूट रुंद आणि सुमारे ७२ फूट लांब ठेवण्यात आली. आजही बोटींची रुंदी त्या निर्णयानेच ठरते. बोट केवढी असावी हा प्रश्न म्हणूनच प्रत्यक्षात तिच्या लांबीपुरताच उरतो.

बोट विकत घ्यावी की दर वर्षी भाड्याने घ्यावी?

बहुसंख्य कुटुंबांनी भाड्यानेच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत चार-सहा जणांच्या बोटीचे आठवड्याचे भाडे दीड-दोन हजार पौंडांपर्यंत सहज जाते आणि तो आकडा ऐकून पुष्कळ जण खरेदीकडे वळतात. परंतु स्वतःच्या बोटीचा परवाना, मूरिंग (म्हणजे बोट बांधून ठेवण्याची जागा), विमा आणि देखभाल यांचा वर्षाचा खर्च तुम्ही एकदाही बोटीवर गेला नाहीत तरी चुकत नाही, आणि तो साधारणपणे तीन आठवड्यांच्या भाड्याइतका होतो. शिवाय भाड्याच्या बोटीचे इंजिन भर पावसात बंद पडले तर दुरुस्तीची जबाबदारी मालकाची असते. खरेदीचा हिशेब जमतो तो वर्षातून पाच-सहा आठवडे बोटीवर घालवणाऱ्यांना, किंवा शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटून थेट बोटीवर जाऊ शकणाऱ्यांना.

खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी किमान दोनदा बोट भाड्याने घ्यावी आणि त्यातील एक खेप ऑक्टोबरच्या शेवटाला असावी. जुलैमध्ये कोणतीही बोट सुखाचीच वाटते. पाच वाजता अंधार पडतो, दोरखंड ओले होतात आणि सहा फूट रुंदीच्या खोलीत दोन मुलांना संध्याकाळ काढायची असते, तेव्हा आपल्याला हे खरोखर आवडते की नाही ते कळते.

किती लांबीची बोट घ्यावी?

जवळजवळ सर्वत्र जाता यावे अशी इच्छा असेल तर ५७ फुटांच्या पुढे जाऊ नये. यॉर्कशरमधील कॅल्डर अँड हेबल नॅव्हिगेशनची लॉक साधारण तेवढ्याच लांबीची आहेत, तर लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याच्या बऱ्याच भागात ६२ फुटांची मर्यादा आहे. मध्य इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर ७० फुटांची बोटही चालते, पण ती वळवण्यासाठी काठाला केलेल्या रुंद जागा मैलोन् मैल अंतरावर असू शकतात आणि नवशिक्याला हे फार गैरसोयीचे ठरते.

चौघांच्या कुटुंबाला ४५ ते ५५ फूट पुरतात. परवाना आणि मूरिंग यांचे शुल्क लांबीवर ठरत असल्याने न लागणाऱ्या प्रत्येक फुटाचे पैसे दर वर्षी मोजावे लागतात.

अधिक रुंद, वाइडबीम बोट घेतली तर?

ऐसपैस वाटते, पण सुट्टीसाठी ती गैरसोयीची आहे. दक्षिणेकडील ग्रँड युनियन किंवा केनेट अँड एव्हन यांसारख्या रुंद कालव्यांवर ती चालते. तिथून उत्तरेकडच्या रुंद कालव्यांकडे जाणारे आतले सगळे मार्ग अरुंद लॉकमधून जातात, त्यामुळे ती ट्रकवर चढवल्याशिवाय पलीकडे नेता येत नाही.

जुन्या बोटीची किंमत साधारण किती असते?

बोटीचे वय, बांधणी करणाऱ्याचा लौकिक आणि तळाची अवस्था यांनुसार किमतीत मोठा फरक पडतो. तीस-पस्तीस वर्षांची, नीट निगा राखलेली, पन्नास फुटांच्या आतबाहेरची बोट तीस ते पंचेचाळीस हजार पौंडांच्या दरम्यान पाहायला मिळते. पंधरा-वीस वर्षांच्या चांगल्या बोटी त्याहून बऱ्याच महाग असतात आणि नव्या बोटीचा आकडा एक लाखाच्या पुढे जातो. वीस हजारांच्या आत कोणी देत असेल, तर उरलेली रक्कम वेल्डिंग करणाऱ्याला द्यावी लागणार असे गृहीत धरावे. किमती ऋतूप्रमाणे हलतात. वसंत ऋतूत मागणी वाढते, तर हिवाळ्याच्या तोंडावर आणखी एक वर्ष मूरिंगचे पैसे भरण्याऐवजी बोट विकून मोकळे होऊ पाहणारे मालक भेटतात.

वर्षाकाठी कोणकोणते खर्च येतात?

कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग सांभाळते. त्याआधी हे काम ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी महामंडळाकडे होते. ट्रस्टचा वार्षिक परवाना पन्नास-पंचावन्न फुटी बोटीला एक हजार पौंडांच्या वर पडतो. मध्य इंग्लंडमधील मरीनात, म्हणजे बोटी उभ्या करण्याच्या खासगी धक्क्यात, मूरिंगसाठी वर्षाला दोन ते चार हजार पौंड द्यावे लागतात, तर लंडनच्या आसपास याहून पुष्कळ जास्त. विमा त्या मानाने स्वस्त असतो.

देखभालीत तळाला दर दोन-तीन वर्षांनी लावायचा डांबरी रंग, म्हणजे ब्लॅकिंग, हा सर्वांत मोठा ठरलेला खर्च आहे, कारण त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते. त्याच वेळी तळाला वेल्ड केलेले मॅग्नेशियमचे ॲनोडही तपासून घेतात. तळाच्या पोलादाऐवजी ते झिजावेत एवढेच त्यांचे काम. इंजिनाचे तेल व फिल्टर, काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या आणि डिझेल हे याशिवाय. डिझेल घेताना प्रवासासाठी किती आणि घरगुती उष्णतेसाठी किती हे जाहीर करावे लागते, कारण दोन्हींवरील कर वेगळा आहे. ६०:४० हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे. या सगळ्याची बेरीज करून त्यावर एखाद्या अनपेक्षित दुरुस्तीसाठी हजार पौंड बाजूला ठेवावेत.

बोट ठेवायची कोठे?

बोट निवडण्याआधी मूरिंग निवडावे, हा आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी पाळला जातो. कायमचे राहणाऱ्यांची बोट हळूहळू कुठेही सरकू शकते. सुट्टीवाल्यांना मात्र दर वेळी निघालो तिथेच परत यावे लागते. कालव्यांवर वेगमर्यादा ताशी चार मैल असली, तरी उभ्या बोटींजवळून अगदी सावकाश जावे लागत असल्याने सरासरी ताशी तीन मैलच पडते. बोटवाल्यांचा सोपा हिशेब असा, की मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागले म्हणजे तासांचा आकडा मिळतो. फोर काउंटीज रिंग हा प्रसिद्ध फेरा ११० मैल आणि ९४ लॉकचा आहे, म्हणजे सुमारे ६८ तासांचा. रोज सात तास चालवले तर दहा दिवस लागतात, आणि एका आठवड्याच्या सुट्टीत तो पुरा करायचा म्हटला तर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत सुकाणू सोडता येत नाही.

शनिवार-रविवारचा विचार केला, तर मूरिंगपासून पाच-सहा तासांच्या अंतरात जे आहे तेवढेच तुमचे जग. त्यामुळे कालवे जिथे एकमेकांना मिळतात त्या ठिकाणाचे मूरिंग दोनशे पौंडांनी महाग असले तरी घ्यावे. नॉर्थॅम्प्टनशरमधील ब्राउन्स्टन हे याचे उत्तम उदाहरण आहे. ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियन हे कालवे तिथे मिळतात, त्यामुळे एकदा हॉक्सबरीच्या दिशेने, एकदा नॅप्टनकडे, तर एकदा सहा लॉक चढून लंडन किंवा लेस्टरच्या वाटेने जाता येते. याउलट स्लावमध्ये राहणाऱ्याला घराजवळची स्लाव शाखा सोयीची वाटेल, पण ती सुमारे पाच मैलांची, एका टोकाला बंद असलेली शाखा आहे. प्रत्येक सुट्टीची पहिली सकाळ त्याच पाच मैलांत जाईल.

लँगॉलन कालवा अतिशय देखणा आहे. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला, १८०५ साली खुला झालेला आणि २००९ पासून जागतिक वारसा यादीत असलेला पोंटकसिल्टे जलसेतू त्यावरच आहे. बोट या सेतूवर दरीपासून १२६ फूट उंचीवर असते आणि तिच्या एका बाजूला कठडाच नसतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तिथे लॉकपाशी रांगा लागतात.

बोट जिथे उभी आहे ते मूरिंग बोटीबरोबर आपोआप तुमच्या नावावर होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. विक्रेत्याने तसे सांगितले तरी मरीनाच्या कार्यालयात स्वतः विचारून खात्री करावी.

मूरिंग न घेता बोट ठेवता येते का?

१९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमचे मूरिंग नसलेल्या बोटीलाही परवाना मिळतो. अट एवढीच की ती खरोखर प्रवासात असली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. काही जागी पाटीवर याहून कमी मुदत लिहिलेली असते. अशा बोटींच्या परवान्यावर एप्रिल २०२४ पासून अधिभार लागू झाला असून तो टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. नोकरी आणि शाळा सांभाळून दर पंधरवड्याला, पुढच्या प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी मोटारीने पोहोचून, बोट हलवणे चार महिने जमते. फेब्रुवारीत कालवा गोठलेला असताना किंवा पुढचे लॉक दुरुस्तीसाठी बंद असताना ते ओझे होऊन बसते. टोपाथच्या, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेच्या, कडेला रिकामी सोडलेली बोट चोरांच्याही नजरेत येते. सुट्टीपुरत्या मालकांनी या वाटेला जाऊ नये.

पहिल्यांदा बोट पाहायला गेल्यावर काय पाहावे?

आतले गोंडस पडदे, नवा रंग आणि ओक लाकडाचे कपाट यांकडे शेवटी पाहावे. सुरुवात केबिनच्या अगदी मागच्या टोकाकडून, इंजिनाच्या भिंतीलगतच्या पायरीपासून करावी. तिथे जमिनीत हात जाईल एवढे झाकण असते. बहुतेक बोटी मागच्या बाजूला किंचित खाली बसलेल्या असतात, त्यामुळे केबिनच्या तळात कुठेही पाणी झिरपले तरी ते वाहत येऊन याच कोपऱ्यात साचते. झाकण उचलून हात खाली घालावा. कोरडी धूळ लागली तर उत्तम. पाणी लागले तर ते खिडकीतून, नळाच्या सांध्यातून, शॉवरच्या पंपातून की तळातून आले आहे, याचे पटणारे उत्तर मालकाकडे असले पाहिजे. त्या जागी झाकणच नसेल किंवा त्यावर नव्याने लाकडी फळ्या ठोकल्या असतील, तर सावध व्हावे.

यानंतर खिडक्यांच्या खालच्या कडांचे लाकूड काळे पडले आहे का, ते पाहावे. पुढच्या टोकाच्या डेकखाली असलेली पिण्याच्या पाण्याची टाकी तपासावी. ती वेगळी स्टेनलेसची नसून बोटीच्या पोलादाचाच भाग असेल तर आतून शेवटचा रंग कधी दिला ते विचारावे. छतावर पावसाचे पाणी साचून रंगाला फोड आले आहेत का, तेही पाहावे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील काही बोटींची केबिन लाकडी किंवा फायबरग्लासची असते. तिची गळती थांबवत बसणे हा एक स्वतंत्र छंद होतो. त्या छंदाची हौस नसेल तर पूर्ण पोलादी बोटच घ्यावी.

घरच्या वयस्कर मंडळींनाही बोटीवर आणायचे असेल, तर त्यांना घेऊनच पाहायला जावे. मागच्या दारातून आत उतरण्याच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या असतात आणि भारतातून दोन महिन्यांसाठी आलेल्या आईला त्या चढता-उतरता येतील का, हे फोटोवरून समजत नाही.

सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी, करून घेणे आवश्यक आहे का? तो कसा होतो?

होय, आणि पाण्याबाहेर काढूनच. सर्वसाधारण रीत अशी, की किंमत ठरल्यावर दहा टक्के इसार द्यायचा आणि व्यवहार सर्व्हेच्या निष्कर्षावर अवलंबून राहील, असा स्पष्ट उल्लेख असलेला लेखी करार करायचा. सर्व्हेअर तुम्ही निवडायचा आणि त्याचे पैसेही तुम्हीच द्यायचे. विक्रेत्याने पुढे केलेला दोन वर्षांपूर्वीचा अहवाल वाचायला हरकत नाही, पण तो दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेला असल्याने त्यातील चुकीची जबाबदारी सर्व्हेअर तुमच्यापुरती घेत नाही. सर्व्हेअरची फी आणि बोट बाहेर काढण्याचा खर्च मिळून हजार पौंडांच्या घरात जातो. संपूर्ण खरेदीत याहून सत्कारणी लागणारा खर्च दुसरा नाही.

त्या दिवशी रजा घेऊन स्वतः हजर राहावे. बोट क्रेनने, उतारावरून किंवा सुक्या गोदीत पाण्याबाहेर येते आणि तिच्यावरचे शेवाळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले जाते. मग सर्व्हेअर ठराविक अंतरांवर काळा रंग खरवडून रुपयाच्या नाण्याएवढे पोलाद चकचकीत करतो, त्यावर जेलचा ठिपका ठेवून अल्ट्रासाऊंडचा शोधक टेकवतो आणि मिळालेली जाडी मिलिमीटरमध्ये खडूने शेजारीच लिहितो: ५.८, ५.६, ५.७. अशा ओळी टोकापासून टोकापर्यंत, पाण्याच्या रेषेजवळ, मध्यावर आणि तळाच्या कडेला चालू राहतात. मधूनमधून तो हातोडीने ठोकतो आणि आवाज ऐकतो. एखाद्या ठिकाणी आकडा ४.१ वर उतरला की तो भोवती पाच-सहा जागा आणखी खरवडतो, आणि तुम्हीही तिथेच रेंगाळून प्रश्न विचारावेत. अहवालात या जागेबद्दल एक ओळ येईल, पण ती जागा हाताएवढी आहे की दारभर आहे, हे डोळ्यांनी पाहिलेले बरे.

तळाचा पत्रा किती जाड असावा?

जाहिरातींत १०/६/५/४ असे आकडे दिसतात. ते अनुक्रमे तळ, पाण्यातील बाजू, केबिनच्या भिंती आणि छत यांच्या मूळ जाडीचे मिलिमीटर असतात. जुन्या बोटींचा तळ सहा मिलिमीटरचाही असतो आणि ते कमीपणाचे लक्षण नव्हे. खरा प्रश्न आज किती उरले आहे हा असतो. पाण्याखालची जाडी चार मिलिमीटरच्या खाली गेली की अनेक विमा कंपन्या सर्वसमावेशक विमा देताना कुरकुर करतात.

सरसकट झीज ही वर्षानुवर्षे चालणारी सावकाश गोष्ट आहे. धोका असतो तो जागोजागी पडणाऱ्या खोल खड्ड्यांचा. मरीनातील किनारी वीज सतत जोडून ठेवलेली असेल आणि बोटीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नसेल, तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विद्युत जोडणी होते आणि तुमच्या बोटीचे पोलाद त्यात झपाट्याने खाल्ले जाऊ शकते. सुट्टीपुरत्या बोटी महिनोन् महिने अशाच जोडून ठेवलेल्या असतात, म्हणून हे उपकरण आहे का, हे अवश्य विचारावे.

जुन्या तळावर नवा पत्रा चढवलेली बोट घ्यावी का?

काम नीट झालेले असेल आणि किमतीत त्याचे प्रतिबिंब असेल तर घेता येते. पण नव्या पत्र्यांच्या वजनाने बोट पाण्यात अधिक खोल बसते आणि बाजूंना असलेली सांडपाण्याची व धुराड्याची भोके पाण्याच्या जवळ येतात. सर्व्हेअरला ही उंची मोजायला सांगावी.

बोट सेफ्टी स्कीमचे प्रमाणपत्र असेल तर सर्व्हे कशाला?

कारण त्या तपासणीत तळाकडे कोणी पाहत नाही. चार वर्षांसाठी मिळणारे हे प्रमाणपत्र गॅस, इंधन, विजेची जोडणी, हवा खेळण्याची सोय आणि आगीचा धोका यांपुरते असते. एप्रिल २०१९ पासून त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झाला आहे, आणि बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवणाऱ्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. परवान्यासाठी हे प्रमाणपत्र लागतेच. त्याची मुदत संपत आली असेल, तर नव्याने तपासणी करून देण्याची अट विक्रेत्याला घालावी.

बोट विक्रेत्याच्याच मालकीची आहे, हे कसे कळणार?

मोटारींसाठी असते तशी सरकारी नोंदवही नॅरोबोटींसाठी नाही, आणि परवाना म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे कागदांची साखळीच पाहावी लागते: आधीच्या प्रत्येक व्यवहाराचे विक्रीपत्र, बांधणी करणाऱ्याचे मूळ बिल, परवान्याची आणि मूरिंगची जुनी बिले, ब्लॅकिंगच्या पावत्या. या सर्वांवर तेच नाव आणि तोच नोंदणी क्रमांक आहे का, ते जुळवून घ्यावे. जून १९९८ नंतर बांधलेल्या बोटींना युरोपीय नियमांनुसार अनुरूपतेचे घोषणापत्र, मालकासाठीची पुस्तिका आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक असायला हवा.

बोटीवर कर्ज नाही, असे विक्रीपत्रातच लिहून घ्यावे. ब्रोकरमार्फत व्यवहार होत असेल तर तुमचे पैसे त्याच्या स्वतःच्या नव्हे, तर ग्राहकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात जातात का, हे विचारायला संकोच करू नये. ब्रोकर विक्रेत्याचा असतो. त्याचे कमिशन विक्रेता देतो, म्हणून त्याचा गोड स्वभाव हा सल्ला समजू नये.

इंजिनाबद्दल काहीच कळत नाही. काय पाहावे?

आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका, असे मालकाला आदल्या दिवशी सांगावे आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून पाहावा. ते गार असताना एका झटक्यात सुरू झाले, सुरुवातीचा थोडा धूर मिनिटभरात विरला आणि खालच्या खोलगट जागेत काळे तेल साचलेले नसले, तर नवशिक्याला कळण्याजोगे बरेचसे कळले. निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन तेल जाळत आहे. त्यानंतर तासभर चालवून तापमान स्थिर राहते का, ते पाहावे.

इंजिन चाललेले तास जास्त झालेत म्हणून घाबरू नये. नियमित चाललेले आणि दर अडीचशे तासांनी तेल बदललेले बीटा किंवा इसुझूचे इंजिन, सहा वर्षे मरीनात निजून राहिलेल्या इंजिनापेक्षा भरवशाचे असते. लिस्टर किंवा बीएमसीची जुनी इंजिने दणकट असतात, पण त्यांच्याशी बोलायची आवड असलेला माणूस घरात असावा लागतो.

मागचा भाग कोणत्या प्रकारचा असावा?

सुट्टीसाठी मोकळ्या डेकचा, म्हणजे क्रूझर प्रकारचा. सुकाणू धरणाऱ्याच्या सोबतीला तिघे-चौघे उभे राहू शकतात आणि सुट्टीतला निम्मा आनंद तिथल्या गप्पांतच असतो. पारंपरिक प्रकारात एकट्यालाच उभे राहता येते. लहान मुले असतील तर भोवती भिंतीचा आडोसा असलेला सेमी-ट्रॅड अधिक सुरक्षित वाटेल.

स्वच्छतागृहाचे काय?

दोन प्रकार सर्रास आढळतात. कॅसेट प्रकारात वीसेक लिटरचा डबा भरला की स्वतः उचलून एल्सन पॉइंटवर, म्हणजे मैला टाकण्याच्या ठरलेल्या जागी, रिकामा करायचा. हे काम गलिच्छ, पण फुकट आणि बहुतेक ठिकाणी होऊ शकणारे. पंप-आउट प्रकारात मोठी टाकी असते, ती बोटयार्डात पैसे देऊन रिकामी करून घ्यावी लागते. एक-दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी जादा डब्यासह कॅसेट पुरेशी आहे.

बोटीवर आपला नेहमीचा स्वयंपाक होतो का?

गॅसची शेगडी असतेच, त्यामुळे कुकर, पोळ्या, फोडणी यांत अडचण नाही. अडते ते मिक्सरपाशी. बोटीतील वीज १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांची असते आणि ७५० वॉटचा मिक्सर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, म्हणून किमान दीड-दोन हजार वॉटचा, प्युअर साइन वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर लागतो. जुन्या बोटीत बहुधा याहून लहान किंवा स्वस्तातला इन्व्हर्टर असतो. इन्व्हर्टर बदलायचा म्हटले की जाड तारा आणि कधीकधी बॅटऱ्याही बदलाव्या लागतात. चटण्या-वाटणे घरून करून नेणे हा शंभरपट स्वस्त उपाय आहे. फोडणीच्या वेळी छतावरचे झाकण आणि बाजूचे दार उघडे ठेवावे. बंद केबिनमधला खमंग वास पुढच्या सुट्टीपर्यंत गाद्यांत राहतो.

भाड्याच्या ताफ्यातून निघालेल्या बोटी कशा असतात?

वाईट नसतात. त्यांची देखभाल वेळापत्रकानुसार झालेली असते, झोपण्याच्या जागा भरपूर असतात आणि मोसम संपल्यावर कंपन्या त्या वाजवी दरात काढतात. इंजिन खूप चाललेले असते, कडांना टवके असतात आणि सामान ठेवायला जागा कमी असते. कायमचे राहणाऱ्याला ही उणीव नडेल. सुट्टीवाल्यांना सहसा नडत नाही.

काही कुटुंबांनी मिळून बोट घेतली तर?

कल्पना चांगली आहे आणि बारा हिश्श्यांच्या बोटींची पद्धत इथे जुनी आहे. खर्च वाटला जातो, बोटही सतत वापरात राहते. मात्र मित्रांमध्ये असे करताना ऑगस्टचे आठवडे कोणाला, मोडतोड कोणाच्या खर्चाने आणि एकाला हिस्सा विकायचा असल्यास किंमत कशी ठरवायची, हे तीन मुद्दे पहिल्याच दिवशी कागदावर आणावेत. विमा कंपनीला सर्व मालकांची नावे कळवणे आवश्यक आहे.

बोट चालवायला लायसन्स लागते का?

खासगी वापरासाठी लागत नाही. तरीही आरवायए, म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशन, या संस्थेचा अंतर्गत जलमार्गांवरील सुकाणूचा एक-दोन दिवसांचा अभ्यासक्रम करावा. विशेषतः लॉकमध्ये पाणी उतरत असताना लॉकच्या मागच्या दाराजवळच्या दगडी उंबरठ्यावर बोटीचा मागचा भाग अडकून ती कशी बुडते आणि ते कसे टाळायचे, हे कोणाकडून तरी प्रत्यक्ष समजून घ्यावे.

आपण नसताना बोट भाड्याने देता येईल का?

खासगी परवान्यावर आणि खासगी विम्यावर नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना, वेगळा विमा आणि अधिक कडक तपासणी लागते. हप्ते फेडण्याच्या हिशेबात हे उत्पन्न धरू नये.

हिवाळ्यात काय करावे?

रिकाम्या बोटीचे सर्वाधिक नुकसान हिवाळ्यातच होते. ऑक्टोबरअखेर नळ, शॉवर, गरम पाण्याची टाकी आणि पंप यांतील पाणी पूर्ण काढून नळ उघडे ठेवावेत. एका रात्रीच्या गोठणाने फुटलेला सांधा मार्चमध्ये टाकी भरल्यावरच कळतो. इंजिनातील अँटिफ्रीझ तपासावे, डिझेलची टाकी काठोकाठ भरावी म्हणजे आत बाष्प धरून पाणी होत नाही, आणि गाद्या उभ्या करून ठेवाव्यात. छतावर एखादे सौर पॅनेल असेल तर बॅटऱ्या आणि तळातले पाणी उपसणारा स्वयंचलित पंप चालू राहतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात ट्रस्ट दुरुस्तीसाठी अनेक लॉक बंद ठेवते, त्यामुळे नाताळच्या सुट्टीचा बेत आखताना यादी पाहून घ्यावी. पाण्याअभावी उन्हाळ्यातही मार्ग बंद होऊ शकतात. २०२५ मध्ये लीड्स अँड लिव्हरपूल, मॅकल्सफील्ड आणि पीक फॉरेस्ट या कालव्यांचे मोठे भाग असेच बंद ठेवावे लागले होते.

आम्ही पुण्यात राहतो आणि दर वर्षी मुलांकडे इंग्लंडला जातो. आम्ही बोट घ्यावी का?

नाही. ज्या बोटीकडे महिन्या-दोन महिन्यांतून कोणी फिरकत नाही, ती घेऊ नये. मुलांनाच हौस असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मुक्कामातला एक आठवडा भाड्याची बोट घ्यावी.

व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी काय काय करायचे असते?

पैसे देण्यापूर्वी विमा सुरू झालेला असावा. जुन्या मालकाचा परवाना तुमच्या नावावर होत नाही, म्हणून नव्याने अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी विमा, सुरक्षा प्रमाणपत्र आणि मूरिंगचा तपशील हाताशी लागतो. विक्रीपत्रात बोटीबरोबर काय काय येते त्याची यादी जोडावी. लॉक उघडण्याचे विंडलस, पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या ठिकाणांची ट्रस्टची किल्ली, किनारी विजेची तार, पाण्याचा होज, चढण्याची फळी आणि दोरखंड या लहान वस्तू नेमक्या त्याच दिवशी गायब होतात. मालकाला तासभर थांबवून घेऊन गॅस, डिझेल आणि बॅटरी बंद करण्याच्या जागा, तसेच बोट ढकलणाऱ्या पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) अडकलेले गवत काढण्याचे झाकण स्वतः उघडून-बंद करून पाहावे. हे झाकण नीट न बसवता निघाल्याने आजवर बऱ्याच बोटी बुडाल्या आहेत.

बोटीचे नाव बदलता येते का?

येते. ट्रस्टला आणि विमा कंपनीला कळवावे. नोंदणी क्रमांक तोच राहतो. नाव बदलायचे ते बोट पाण्याबाहेर असतानाच, असा इथल्या बोटवाल्यांचा जुना समज आहे. तो मानायचा असेल तर पहिल्या ब्लॅकिंगपर्यंत थांबावे.